आधी काटा

सायकलचं चाक बसलेलं दिसलं की आपण म्हणतो, पंक्चर झाली. मुरलेला कारागीर तसं लगेच म्हणत नाही. पुण्याच्या पूर्वेकडच्या एका जुन्या पेठेत, वाड्याच्या जोत्याला लागून चालणाऱ्या दुकानात बसून मी हे नीट पाहिलं. दुकान म्हणजे एक फळकूट, पाण्याचं घमेलं, पायाने दाबून धरायचा उभा पंप, पत्र्याच्या डब्यात पाने आणि खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. चालवणारे मामा सत्तरीच्या पुढचे. गणवेशातला एक मुलगा सायकल ढकलत आला.

“मामा, मागचं चाक पंक्चर आहे.”

“कधी बसलं?”

“सकाळी बघितलं तर बसलं होतं. काल रात्री ठीक होतं.”

“काल कुठनं आणलीस? आणि हवा कधी भरली होतीस?”

मुलाला दोन्ही आठवेना. मामांनी टायरला हात लावला नाही. पंप जोडून हवा भरली, बोट ओलं करून व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा पातळ पडदा धरला आणि बघत राहिले. पडद्याला फुगा आला, फुटला, पुन्हा आला. त्यांनी व्हॉल्व्हवरची चकरी सोडवून आतली धातूची नळी बाहेर ओढली. तिच्यावरची रबरी वॉलट्यूब चिकट होऊन मधोमध चिरली होती. डब्यातल्या वॉलट्यूबचा नवा तुकडा कापून त्यांनी तो नळीवर सरकवला, नळी जागेवर बसवली, पुन्हा हवा भरली. या वेळी पडदा सपाट राहिला.

पंक्चर नव्हतंच. टायर उघडलं असतं तर पंक्चरचे पैसे सहज घेता आले असते आणि मुलाला कळलंही नसतं. या धंद्यातला प्रामाणिकपणा असा पहिल्या दोन मिनिटांतच दिसतो.

आपल्या साध्या काळ्या सायकलींना असतो तो वूड्सचा व्हॉल्व्ह. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून ही रचना चालत आली आहे आणि भारतातल्या असंख्य चाकांवर ती आजही आहे. खालून बंद असलेली एक बारीक नळी, तिच्या बाजूला एक भोक आणि त्या भोकावर घट्ट चढवलेली रबरी वॉलट्यूब, एवढाच कारभार. पंपाची हवा भोकातून रबराला किंचित दूर सारून आत शिरते. पंप थांबला की आतला दाब तेच रबर भोकावर दाबून धरतो. म्हणजे जी हवा अडवायची, तिच्याच जोरावर दार बंद राहतं. स्प्रिंग नाही, सुटा होणारा नाजूक भाग नाही, आणि बिघडलं तर दुरुस्तीला काही रुपयांचा रबराचा तुकडा पुरतो. उन्हाने आणि वयाने हे रबर मऊ पडतं, चिकटतं, चिरतं. म्हणून जाणता माणूस तपासणी इथून सुरू करतो.

त्यानंतर आलेली सायकल खरोखर पंक्चर होती. दूध घालणाऱ्या एका गृहस्थांची, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी किटल्यांचे आकडे लावलेली.

मागचं चाक मामा कधी काढत नाहीत. चेनकव्हर, स्टँड, कॅरिअर, मडगार्डच्या काड्या हे सगळं एकाच आसावर आवळलेलं असतं. ते सोडवून परत नेमकं बसवायचं म्हणजे पंक्चरपेक्षा मोठं काम. सायकल स्टँडवर उभी असतानाच व्हॉल्व्ह मोकळा करायचा, दोन चपट्या लोखंडी पट्ट्यांनी टायरची एकच कड रिमबाहेर उचलायची आणि ट्यूब त्या बाजूने ओढून काढायची. ती चाकात अडकलेलीच राहते, पण घमेल्यापर्यंत पोचते. दुकानात पाने आहेत, तरी पंक्चर काढताना पाना लागत नाही, हे पाहून मला फार आनंद झाला. त्या आनंदाचं कारण पुढे येईल.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मामा ती वीत-वीत पाण्यात दाबत गेले. एके ठिकाणी बुडबुडे सुटले. तिथे पेन्सिलीची फुली मारली आणि तरीही थांबले नाहीत. उरलेली ट्यूब पूर्ण फिरवून पाहिली. एक भोक सापडलं म्हणजे एकच आहे असं नाही. अर्धी ट्यूब बघून उठणारा माणूस गिऱ्हाइकाला चौकापर्यंतच पोचवतो.

यानंतर जे होतं ते मला सगळ्या कामात सर्वांत मोलाचं वाटतं. मामांनी भोक वाचलं. हा शब्द मी विचार करून वापरतो आहे, कारण भोकाची जागा आणि आकार पाहून चाकाला काय झालं ते कळतं. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला, टोचल्यासारखं एकच बारीक छिद्र असेल तर काटा, खिळा किंवा काच. छिद्र आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर रस्त्याला दोष देऊ नये. रिमवरची पट्टी सरकली किंवा झिजली आहे आणि एखाद्या स्पोकचं टोक ट्यूबमध्ये घुसतं आहे. शेजारी शेजारी दोन लहान चिरा दिसल्या तर काही टोचलेलंच नाही. चाकात हवा कमी होती, सायकल खड्ड्याच्या कडेवर आदळली आणि ट्यूब टायर व रिम यांच्या मध्ये चिमटली. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तरी कारण बहुधा तेच: हवा कमी, म्हणून ब्रेक लावताना टायर रिमवर सरकतं, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकून राहतो. ही फाट ठिगळाने बुजत नाही. ट्यूबच बदलावी लागते.

म्हणजे निम्म्या दुखण्यांचं मूळ कमी हवा. मामांनी त्या मुलाला हवा कधी भरली होती असं विचारलं ते उगाच नव्हे.

दूधवाल्या काकांचं छिद्र बाहेरच्या अंगाला होतं. मामांनी ट्यूबवरची फुली व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते हाताने मोजलं, टायरवर तेवढंच अंतर धरलं आणि टायरच्या आतून बोटांची टोकं हळू फिरवू लागले, तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या बोटांसारखी. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आत त्यांच्या बोटाला टोक लागलं. पक्कडीने ओढून काढला तेव्हा दिसला: बाभळीचा काटा, बाहेरचा भाग मोडून गेलेला, टायरच्या जाडीत रुतलेला, आत जेमतेम तांदळाच्या कणीएवढा वर आलेला.

हा काटा आत राहिला असता तर ठिगळ कितीही उत्तम असो, ट्यूब त्याच दिवशी पुन्हा गेली असती. गिऱ्हाईक म्हणालं असतं, पंक्चर नीट काढलं नाही. आणि ते खरंही असतं, कारण पंक्चर काढणं म्हणजे आधी काटा काढणं. ठिगळ नंतर येतं.

दख्खनमध्ये सायकल चालवणाऱ्याला काट्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. बाभळीचे पांढुरके सरळ काटे जोडीने येतात, बोटाएवढे लांब होतात आणि वाळले की ठिसूळ होतात. म्हणूनच ते टायरमध्ये घुसून मोडतात आणि टोक आत ठेवून जातात. शेताला कुंपण घालायला बाभळीच्या फांद्या तोडून ओढत नेतात, त्या वाटेवर पुढचे कित्येक दिवस काटे पडलेले असतात. सोलापूरकडच्या माळरानांवर, ओढ्याकाठी, रस्त्यांच्या दुतर्फा माजलेली वेडी बाभूळ ही त्यात पडलेली परकी भर. आणि सराटा. जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची ही साधी वेल. हिचं फळ वाळलं की पाच तुकड्यांत फुटतं आणि प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर तोंड करून राहतो. अनवाणी चालणाऱ्या वारकऱ्याला तो ठाऊक आहे, मेंढपाळाला ठाऊक आहे. हाच सराटा अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात पोचला आणि तिथे सायकलस्वारांचा नंबर एकचा वैरी ठरला. त्याचा बंदोबस्त करायला १९६१ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याची बी आणि खोड पोखरणारे दोन जातींचे भुंगेरे मुद्दाम आणून सोडले. एका काट्यासाठी समुद्रापलीकडून किडे आणावे लागले, यावरून त्याची जात ओळखावी.

मोठ्या रस्त्यांवर आता आणखी एक वैरी आहे: फुटलेल्या ट्रक-टायरमधून सुटणाऱ्या पोलादी तारा. केसाएवढी बारीक तार बोटाला लागत नाही. महामार्गाकाठचे कारागीर त्यासाठी टायरच्या आतून जुनं सुती फडकं फिरवतात. तार असेल तिथे फडक्याचा धागा अडकतो. बोट आणि फडकं, या दोन्हींची साक्ष घेतल्याशिवाय टायर बंद करू नये.

आता ठिगळ.

मामांनी ट्यूबमधली हवा सोडली, ती कोरडी पुसली आणि फुलीभोवतीचा भाग कानशीने घासायला घेतला. नवख्याला वाटतं, पकड यावी म्हणून खरखरीत करायचं असेल. ते आहेच, पण मुख्य हेतू वेगळा. ट्यूब साच्यातून चिकटू न देता काढण्यासाठी वापरलेल्या पदार्थांचा अंश तिच्या अंगावर असतो, वर शंखजिऱ्याची भुकटी असते, आणि जुन्या ट्यूबवर हवेने वाळलेली रबराची मेलेली साय असते. सोल्यूशन या सगळ्यावर लावलं तर ते या सायीला चिकटतं, ट्यूबला नाही. घासून खालचं ताजं, काळं, मंद रबर वर आणायचं. साच्याची उभी रेघ त्या जागेतून जात असेल तर ती पूर्ण सपाट करायची. तिच्या कडेने हवेला पाऊलवाट मिळते.

सोल्यूशन म्हणजे नाफ्थ्यासारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेलं रबर. मामांनी ते बोटाने पातळ पसरवलं, ठिगळापेक्षा चारही बाजूंनी जास्त. मग ट्यूब बाजूला ठेवून दुसऱ्या सायकलची साखळी बघायला लागले. दूधवाले काका उभे राहून घड्याळ पाहत होते.

“मामा, लावा की आता.”

“वाळू दे. ओल्यात लावलं तर घरी पोचणार नाही तुम्ही.”

ही वाट पाहणं कामाचाच भाग आहे आणि बहुतेक पंक्चर इथेच बिघडतात. ठिगळ लावल्यावर चिकटवण वाळेल असं आपल्याला वाटतं, कारण डिंकाची आणि फेव्हिकॉलची सवय तशी आहे. इथे उलटं आहे. द्रव आधी पूर्ण उडून गेला पाहिजे. तो ठिगळाखाली कोंडला गेला तर बाहेर पडायला वाट नसते. रबर तिथे मऊच राहतं आणि हवेचा दाब ठिगळाला कडेपासून उचलतो. बोटाची पाठ टेकवून पाहावी. ओलसर लागली नाही की वेळ झाली. काही जण घाईने सोल्यूशनला काडी लावतात, भपकन जाळ होतो आणि द्रव जळून जातो. बघायला झटपट वाटतं. पण त्याने वर काजळी धरते, रबर पोळतं आणि जोड कच्चा राहतो. उघड्या सोल्यूशनच्या डब्याशेजारी जाळ करणं धोक्याचं आहे ते वेगळंच.

ठिगळ दोन प्रकारचं. एक, जुन्या ट्यूबचा कापलेला तुकडा, तोही कानशीने घासलेला, कडा तिरक्या उतरवलेला, कोपरे गोल केलेला. चौकोनी ठिगळ कोपऱ्यातूनच सुटायला लागतं, म्हणून हाताला वळण असलेला कारागीर कात्री नेहमी गोल फिरवतो. दुसरं, पाकिटातलं तयार ठिगळ, कडेला पातळ होत गेलेलं, मागे चकचकीत कागद लावलेलं. त्याच्या खालच्या थरात रबर अजून कच्चं असतं, आणि त्याच्या सोबतच्या सोल्यूशनशी त्याची साध्या तापमानाला रासायनिक प्रक्रिया होते. १८३९ साली चार्ल्स गुडइअरने गंधक आणि उष्णता यांच्या मदतीने रबर टिकाऊ केलं, त्याच व्हल्कनायझेशनचं हे थंड रूप. दोन रबरं नुसती चिकटत नाहीत. त्यांच्यामध्ये नवे बंध तयार होतात आणि नीट लावलेलं असं ठिगळ ट्यूबच्या आयुष्यभर टिकतं. जुन्या ट्यूबचं ठिगळ स्वस्त पडतं आणि बरंच चालतं, पण मराठवाड्या-विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या रस्त्यावर साध्या चिकटवणीची परीक्षा होते. परवडत असेल तर तयार ठिगळच लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मामांनी ठिगळ मधून कडेकडे दाबत बसवलं, लाकडावर ठेवून मुठीने ठोकलं, वर चिमूटभर पावडर लावली. पुन्हा पाण्यात बुडवून पाहताना ट्यूब फार फुगवली नाही. बाहेर मोकळ्या ट्यूबमध्ये जास्त हवा भरली तर ती ताणते आणि ठिगळाची कड सुटू पाहते. टायरच्या आत मात्र उलट होतं. हवा ट्यूबला आणि ठिगळाला टायरवर दाबते. निसटू पाहणारी हवाच ठिगळ जागच्या जागी धरून ठेवते. ट्यूब थोडी फुगवून, पीळ न पडू देता आत सारली, आणि टायरची कड शेवटी अंगठ्यांनी चढवली. शेवटची वीत कठीण जाते. तिथे पट्टीचा मोह होतो आणि पट्टीच ट्यूबला नवा चावा घेते. अंगठ्याच्या बुडाने रेटायचं, तेवढा धीर धरायचा. चाळीस पौंडांच्या आसपास हवा, दोन्ही बाजूंनी टायर सारखं बसलंय ना ते बघणं, आणि सायकल काकांच्या हातात.

हवेचं टायर जगात आलं तेव्हा ते असं काढताघालता येत नव्हतं. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ सालीच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण ते घोडागाड्यांसाठी होतं आणि विसरलं गेलं. सायकलपर्यंत ते पोचवलं बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर हादरू नये म्हणून त्याने रबरी नळी चाकाला गुंडाळली आणि १८८८ साली पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी विली ह्यूम हा सायकलपटू त्या टायरांवर बेलफास्टच्या शर्यती जिंकला आणि भरीव रबराचे दिवस भरले. अडचण एकच होती: डनलॉपची नळी कापडाने आणि सोल्यूशनने रिमला कायमची चिकटवलेली असे. पंक्चर झाली तर सगळं सोलून काढायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा चिकटवायचं. १८८९ साली असाच बसलेल्या टायरचा एक सायकलस्वार फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ इथल्या मिशलाँ बंधूंच्या रबर कारखान्यात आला. टायर सोलून दुरुस्त करायला काही तास लागले, चिकटवण वाळायला रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी थोडं अंतर जाताच ते पुन्हा बसलं. एदुआर मिशलाँला त्या टायरच्या मऊपणाची किंमत कळली होती आणि दुरुस्तीचा जाचही. १८९१ साली त्याने सुटं निघणारं टायर केलं. त्याच वर्षी शार्ल तेराँ ते टायर लावून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत तीन दिवसांच्या आत जिंकला. पुढच्या वर्षी मिशलाँने पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ शर्यत भरवली आणि रस्त्यावर चक्क खिळे टाकले. पंक्चर टाळता येतं हे त्याला दाखवायचं नव्हतं. पंक्चर झालं तरी माणूस रस्त्याच्या कडेला बसून ते स्वतः काढू शकतो आणि पुढे जाऊ शकतो, हे दाखवायचं होतं.

मला या सगळ्या इतिहासात हाच क्षण महत्त्वाचा वाटतो. मऊ चाक डनलॉपने दिलं, पण ते सामान्य माणसाच्या ताब्यात आलं ते दुरुस्ती सोपी झाल्यावर. मुंबईतून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा मार्च १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. इराणच्या वाळवंटात त्यांना कोणी पंक्चरवाला भेटणार नव्हता. सामान सोबत आणि हुन्नर बोटांत, एवढ्या बळावर ते गेले.

आपल्याकडे मात्र हा हुन्नर हिणवण्याचा विषय केला गेला. अभ्यास केला नाहीस तर पंक्चर काढत बसशील, हे वाक्य कित्येक वर्गांत आणि घरांत उच्चारलं गेलं आहे. एखाद्या समाजातल्या माणसांची टर उडवायलाही हाच धंदा नावानिशी वापरला जातो, राजकारणात तर सर्रास. मला याचा संताप येतो. कारण शोधल्याशिवाय इलाजाला हात घालू नये, ही शिस्त आपण डॉक्टरकडून मागतो, इंजिनिअरकडून मागतो आणि अनेकदा मिळत नाही. ती इथे फळकुटाशेजारी रोज पाळली जाते.

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं, तेव्हा प्रत्येक चौकाच्या आसपास असं दुकान असे. तिथे तासाच्या भाड्याने सायकली मिळत, आणि दांड्याखालून पाय घालून सायकल शिकलेल्या पिढ्या या दुकानांनीच घडवल्या. आता बरीच बंद झाली. उरली त्यांची रोजी दुचाकींच्या पंक्चरवर चालते. २०१७-१८ मध्ये शहरात मोबाइलवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या. त्यांतल्या काहींना हवा लागत नसलेली टायरं होती. पंक्चरचा प्रश्नच मिटला असं वाटलं, पण त्या सायकलींवर बसलं की डनलॉपच्या आधीचा रस्ता हाडांना कळायचा. थोड्या काळात त्या सायकली गेल्याही. हवा हवी असेल तर काट्याशी गाठ आहे, हा व्यवहार अजून कोणी मोडून काढलेला नाही.

शहरातल्या माणसाला एक दुकान बंद झालं तर पुढच्या चौकात दुसरं सापडतं. खेड्यात काय होतं ते मी जालना जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या आवारात पाहिलं. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे, म्हणजे चालत जायला फार आणि बस येत नाही अशा नेमक्या अंतरासाठी. लिंबाखाली सायकली रांगेत उभ्या होत्या. ज्यांच्या नव्हत्या त्या मुलींपैकी एकीला विचारलं.

“सायकल घरी आहे सर. पंक्चर आहे.”

“मग काढलं नाही?”

“दुकान तालुक्याला आहे. बाबा बाजाराला जातील तेव्हा नेतील. सध्या तूर काढायला चाललीय.”

तोवर ती चालत येते. एखादा दिवस पाय दुखतात, एखादा दिवस घरात काम निघतं, आणि शाळा बुडते. तिच्या वाटेवर दोन्ही बाजूंना बाभळी आहेत.

सायकलीने मुलींच्या शिक्षणात काय फरक पडतो हे आता अंदाजावर सोडलेलं नाही. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलग्या-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, असं त्यांना आढळलं. त्याआधी, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीने बायकांना सायकल शिकवली. शीला राणी चुंकत या तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. १९९२च्या महिला दिनी दीड हजारांवर बायका हँडलला झेंडे लावून, घंटा वाजवत शहरातून गेल्या. पी. साईनाथ यांनी लिहिलेली ही हकिगत मराठी वाचकाने ‘दुष्काळ आवडे सर्वांना’मध्ये वाचली असेल. सायकल बाईला कुणाच्या सोयीची वाट पाहायला लावत नाही, हे त्या बायकांनी ओळखलं होतं.

आणि नेमकं हेच पंक्चर झाल्यावर हिरावलं जातं. पुन्हा वडिलांची, भावाची, बाजाराच्या दिवसाची वाट. सायकलीसाठी पैसे देणारी योजना चांगली आहे, तिच्या बाजूने मी कुठेही उभा राहीन; पण सायकल देऊन पंक्चर काढायला न शिकवणं हे अर्धं काम आहे. शाळेत कार्यानुभवाचे तास असतात. दोन तासांत आठवीतली मुलगी हे सगळं शिकू शकते. ताकद लागते असं कोणी म्हणेल, तर मामांची पद्धत पाहावी. चाक काढायचं नाही, म्हणजे आसाचे नट आवळायचे नाहीत, पाना लागत नाही. टायरची कड उचलायला दोन पट्ट्या आणि बसवायला अंगठे पुरतात. घमेलं नसेल तर फुगवलेली ट्यूब गालाजवळ फिरवावी. गालाच्या कातडीला बारीक झुळूकही लागते. शिकवणारे बाहेरून आणायची गरज नाही, तालुक्याच्या गावातला पंक्चरवाला मानधन देऊन बोलवावा, आणि शाळेत त्याची ओळख गुरुजी म्हणून करून द्यावी.

प्रत्येक सायकलीसोबत पत्र्याची एक लहान डबी द्यायला हवी. तिच्यात दोन पट्ट्या, कानशीचा किंवा खरखरीत पॉलिश पेपरचा तुकडा, तयार ठिगळांचं पाकीट, वॉलट्यूब आणि सोल्यूशन. सोबत दांड्याला अडकवायचा हातपंप. सोल्यूशनची मोठी नळी देऊ नये. एकदा टोक फोडलं की कितीही घट्ट बूच लावलं तरी आतला द्रव उडत राहतो, आणि पुढचं पंक्चर होईपर्यंत नळीत रबराची वाळलेली काडी उरते. लहान लहान दोन नळ्या द्याव्यात, आणि दुसरी न फोडता ठेवायला सांगावं.